तोरणातला वॉल

पुलगावच्या स्टेशन रोडवर ट्रॅक्टरला दोरी बांधून कुणाची गाडी ओढत चालली असली की ती कुठं चालली हे कुणी विचारत नाही. पुंडलिक मिस्त्रीकडेच जायची. त्या शनिवारी दुपारी दोरीला बांधलेली पांढरी व्हॅन मात्र मिस्त्रीच्या स्वतःच्या पोरीची होती आणि स्टेअरिंगवर तीच बसली होती, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. आजूबाजूचे दुकानदार पाहायला उठले. एरवी त्या उन्हात गिऱ्हाईक आलं तरी उठायचा कंटाळा करतात, पण दुसऱ्याची फजिती पाहायला माणसाला ऊन लागत नाही.

पुंडलिकराव स्टुलावर बसून एका जीपचा ब्रेक उघडत होते. त्यांनी मान वर केली, व्हॅन पाहिली आणि मान पुन्हा खाली घातली. आता उठायचं तर आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागते.

"काय झालं?"

"तेच झालं, बाबा." वर्षाली उतरून दोरी सोडायला लागली. "हीट मारली. पुलाच्या चढावर."

"लेकरं होती?"

"नाई. मी एकटीच हवा खायले गेलती पुलावर."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. पोरीची जीभ कुणावर गेली हे त्यांना ठाऊक होतं.

वर्षाली नाचणगावात दिलेली. नवरा अंकुश घरच्या वावरात भाजीपाला करतो, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. तिनं भाजीच्या जुड्या बांधत जन्म काढला असता तर कुणाची काहीच तक्रार नव्हती. पण लग्नाआधीच बापाच्या गॅरेजात ती जीप मागे-पुढे करायला शिकली होती आणि मागच्या दसऱ्याला बापानंच एक जुनी व्हॅन उघडून, जोडून, रंगवून तिच्या दारात उभी केली. नाचणगावची लेकरं सकाळी शाळेत न्यायची, दुपारी परत आणायची. तेव्हा पालक म्हणाले, बाई चालवते म्हणून बिनधास्त पोरी पाठवतो. मार्च लागला, गाडी तापायला लागली, आणि तेच पालक म्हणायला लागले, बाई चालवते म्हणूनच तापते. क्लच जास्त दाबत असेल.

त्या दिवशी पुलावर भर बाराच्या उन्हात गाडी थांबली. खालून रेल्वे, वरून सूर्य, मधे लेकरं. कठड्याच्या दोन बोटं सावलीत वर्षालीनं त्यांना ओळीनं उभं केलं. लहानगी खुशी उलटी करायला लागली. मोटरसायकलवाले थांबत होते, पाणी देत नव्हते, सल्ला देत होते. एकानं व्हिडिओ काढला. लेकरं ऑटोनं घरी पोचायच्या आधी तो व्हिडिओ घरी पोचला, आणि संध्याकाळची वाट न पाहता पालकांनी सांगून टाकलं, सोमवारी हीच गाडी अशीच थांबली तर मंगळवारी दुसरी लावतो.

"उलटी झाली खुशीले," वर्षाली म्हणाली. "तिच्या आईनं मले काई म्हटलं नाई. नुसतं पाह्यलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या."

"बस. पानी पे."

"पानी नोको. गाडी पाहा."

गाडी काय पाहायची राहिली होती? तापते असं ती पहिल्यांदा सांगत आली तेव्हा मिस्त्रींनी पंखा पाहिला. फिरत होता. पुन्हा आली तेव्हा रेडिएटर काढून धुतला, वरची कापसाची रुई ब्रशनं झाडली. पुन्हा आली तेव्हा वॉटर पंप बदलला. हेडगॅस्केट गेलं की काय म्हणून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून बुडबुडे पाहिले, नव्हते. दर वेळी दारात गाडी चालू ठेवली, शेजारच्या टपरीवाल्या प्रेमदासकडचा चहा पिऊन झाला, दुसरा पिऊन झाला, काटा अर्ध्यावरच. "चांगली हाय, ने," असं सांगून ते पुढच्या गाडीकडे वळले. गाडी बिघडते रस्त्यावर आणि मिस्त्री तपासतो दुकानात. पण रस्त्यावर जायचं तर चढ-उतार, ऊन आणि गुडघे. साठी ओलांडल्यावर माणूस दुखणं आपल्या खुर्चीजवळ बोलावतो.

आणि एक गोष्ट त्यांनी पाहिलीच नव्हती, कारण ती पाहायचं कारणच नव्हतं. ती गोष्ट त्यांच्या डोक्यावर लटकत होती.

इतर लोक दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची बांधतात. पुंडलिकरावांच्या दारावर वॉलचं तोरण होतं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर पितळेचा एक लिंबाएवढा दरवाजा बसवलेला असतो. पाणी थंड असतं तोवर तो मिटलेला राहतो, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरतं. पाणी तापलं की आपोआप उघडतो आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. स्टेशन रोडवर त्याला वॉल म्हणतात, आणि पुंडलिकरावांच्या हाती आलेल्या गाडीत तो राहत नाही. काढला की तारेत ओवला. वर्षानुवर्षं ओवत गेले. वारा सुटला की तोरण किणकिण वाजायचं, आणि दुरून आलेला ड्रायव्हर विचारायचा, हे काय बाप्पा? मग पुंडलिकराव सांगायचे.

सांगायचे ते हरिदास उस्तादाचं. पुंडलिक हा नाचणगावच्या शेतकऱ्याचा तिसरा पोरगा, वावर तिघांत पुरणारं नव्हतं, म्हणून मिलच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकांखाली शिरला. तिथं उस्ताद भेटला. उस्तादाला अक्षर येत नव्हतं, पण कानानं इंजिन वाचायचा. एकदा भर मे महिन्यात नवरदेवाची जीप देवळीच्या अलीकडे वाफा सोडत उभी राहिली. उस्तादानं पाईप खोलला, अडकून बसलेला वॉल पकडीनं उपटला आणि बाजूच्या वावराच्या धुऱ्यावर फेकला. जीप निघाली, लग्न लागलं. परत येताना उस्ताद पोराला म्हणाला, "थंड मुलखातल्या मानसानं गाडी बनवली, म्हनून त्यानं हा दरवाजा ठेवला. आपल्या वर्धेले छपराचं कवेलू तापते, मानूस तापते. इथं इंजिनाले ऊब द्यायचा दरवाजा कायले पायजे? दिसला की काढजो."

पोरानं धुऱ्यावरचा वॉल उचलून खिशात घातला. तोरणातला पहिला तोच.

लोकांना ते पटायचं. पटणारच. आपल्या उन्हाचा कुणी तरी अपमान केलाय आणि पुंडलिक मिस्त्री त्याचा बदला घेतो, असंच काहीसं त्यात होतं. कुणाच्या गाडीत वॉल आहे असं कळलं तर बाकीचे ड्रायव्हर हसायचे.

वर्षालीच्या व्हॅनचा वॉल तोरणात शेवटी होता. अजून पिवळाधमक.

"चाल," पुंडलिकराव शेवटी उठत म्हणाले. "मी बसतो बाजूले. पुलावर घे."

इंजिन निवलं होतं. पाणी भरलं. व्हॅनमधे इंजिन पुढच्या सीटांखालीच असतं, त्यामुळे ते तापलं की ड्रायव्हरला काटा पाहायची गरज नसते, बूड सांगतं. मिस्त्री बसले, वर्षालीनं गाडी घातली. बाजारातून पुलापर्यंत काटा अर्ध्यावर. चढ लागला, तिनं गिअर खाली घेतला, आणि काटा हलला. अर्ध्या चढावर लालच्या जवळ. पुलाच्या माथ्यावर त्यांनी हातानं खूण केली, थांब.

सीट उचलली. इंजिनाच्या अंगावरून भट्टीसारखा भपका आला. मग ते वाकून, कण्हत, पुढं रेडिएटरजवळ गेले आणि पंजा ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"कोमट हाय."

"काय?"

"रेडिएटर कोमट हाय. इंजिन पेटलं अन् हा कोमट. पानी इकडं येऊनच नाई राह्यलं." त्यांनी हात पायजाम्याला पुसला. "वॉल अडकला की अस्संच होते."

"पन वॉल तर तुमी काढला."

"हाव. म्हनून तर डोकं चालून नाई राह्यलं."

ते कठड्याला टेकले. खालून मालगाडी चालली होती, संपतच नव्हती. वर्षाली दुपट्ट्यानं मान पुसत उभी राहिली. मालगाडी गेल्यावर ती म्हणाली, "पिपरीवाला पन वॉलच म्हने."

"कोन पिपरीवाला?"

"धनंजय. पिपरी मेघेले गॅरेज हाय त्याचं." ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. "मागच्या आठवड्यात नेलती गाडी."

पुंडलिकरावांचा आवाज चढला नाही, उतरला. पुलगावात त्याची जास्त भीती वाटते. "माह्या पोरीची गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात गेलती."

"गेलती."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तुमी पुन्हा पुन्हा पंखाच पाहून राह्यले होते. लेकरं माह्या गाडीत बसतात, बाबा, तुमच्या पंख्यात नाई बसत."

"मंग काय दिवे लावले त्यानं?"

"काई नाई लावले. मी लावू देलं नाई." ती आता वळली. तोंड लाल झालं होतं, उन्हानं की कशानं, सांगता आलं नसतं. "त्यानं पाईप खोलला अन् म्हने ताई, याच्यात वॉलच नाई, वॉल टाका मंग गाडी थंड राहीन. मी म्हटलं वॉल माह्या बाबानं काढलाय, त्यांनी काढलेल्याले हात लावायचा नाई. लय बोलली त्याले. पुलगावात येऊन तोरण पाह्यजो म्हटलं, तुह्यासारखे किती आले अन् गेले. अन् पाईप लावायले लावून गाडी घेऊन आली."

मिस्त्रींना काही तरी बोलायचं होतं. सवयीनं जे आलं ते बोलले. "दोन दिवसाचं पोट्टं असन. वॉल टाकून गाडी थंड होते म्हने. दरवाजा लावून घरात हवा येते काय?"

"मले काय माहीत. मी तर तुमचंच आयकलं ना." तिनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "सोमवारी सकायी गाडी पायजे. नाई झाली तर सांगजा, लेकरायच्या घरी जाऊन मीच नाई म्हनून येईन. व्हिडिओ निंघायची वाट नाई पाहात मी."

पुलाखालून ऑटो करून ती निघून गेली. पुंडलिकरावांनी गाडी निवू दिली, हळूहळू गॅरेजला आणली आणि त्या दिवशी कुणाच्याच गाडीला हात लावला नाही. घरी बायकोनं, कुंताबाईंनी, विचारलं, पोरीची गाडी झाली का? ते म्हणाले, भाकर वाढ.

रविवारी गॅरेज बंद असतं. त्यांनी उघडलं. स्टुलावर बसून ते बराच वेळ व्हॅनकडे पाहत राहिले. अंग दुखत होतं ते एका जागी नाही, आयुष्यभर ट्रकांखाली झोपलेलं सगळं अंग एकदम दुखत होतं. त्यांना गाडीचा राग येत नव्हता. त्या धनंजयचा यायला हवा होता, तोही धड येत नव्हता. पोरीनं परक्या माणसासमोर बापाचा शब्द राखला आणि त्यापायी पुलावर लेकरं उन्हात उभी राहिली, एवढंच मनात फिरत होतं. शब्द राखण्याजोगा होता की नाही, हे तिनं विचारलं नव्हतं. त्यांनी तरी कधी विचारलं होतं? उस्ताद म्हणाला, काढजो. काढला.

वाऱ्यानं तोरण वाजलं. पुंडलिकराव उठले, स्टुलावर चढणं जमेना म्हणून काठीनं तार ओढली आणि शेवटचा वॉल सोडवून घेतला.

शेजारच्या चहाच्या टपरीवर प्रेमदास शेगडी पेटवत होता.

"प्रेमदास, एक पातेलं दे. उकळायचं हाय."

"चहा मी देतो ना, मिस्त्री."

"चहा नाई. हे उकळायचं हाय." त्यांनी वॉल दाखवला.

प्रेमदासनं वॉलकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे पाहिलं. "उन्हाचं होते असं कधी कधी," तो हळूच म्हणाला. "खिशात कांदा ठेवत जा."

"पातेलं देते का?"

"फुटकं हाय ते देतो. अन् ग्रीस धुऊन टाका आधी. लोकं माह्या चहाले आधीच नाव ठेवतात."

पातेल्यात पाणी ठेवलं. वॉल तारेला बांधून पुंडलिकरावांनी तो पाण्यात सोडला, तळाला टेकू न देता, आणि तार धरून उभे राहिले. प्रेमदास शेजारी येऊन उभा राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही कुणी चहा दिला नाही, तेही वाकून पाहू लागलं.

"काय होनार हाय?" प्रेमदासनं विचारलं.

"उघडनार हाय."

"तुमाले माहीत हाय ना उघडते म्हनून?"

"माहीत हाय. पाह्यलं नाई कधी."

आणि ते खरं होतं. तारभर वॉल काढले होते, एकही चालताना पाहिला नव्हता. चालू इंजिनात तो दिसत नाही, आणि काढला की गार पडून मिटतो. त्यांच्या हाती आला तो प्रत्येक वॉल मिटलेलाच होता. मिटलेला दरवाजा पाहून पाहून त्यांना तो भिंतच वाटायला लागला होता.

पाण्याला तळातून बारीक बुडबुडे सुटले. उकळी फुटायच्या आधीच वरची चकती आपल्या बसकणीवरून सुटली, केसाएवढी फट पडली, मग बोटाच्या नखाएवढी. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. प्रेमदास म्हणाला, "आयला."

पुंडलिकराव वरच्या चकतीकडे पाहतच नव्हते. त्याच दांडीला खाली दुसरी चकती होती, लहान. ती इतकी वर्षं त्यांना दिसत होती आणि दिसत नव्हती. वरची उघडत होती तसतशी ती पुढं सरकत होती, कुणी मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायला जावं तशी. आणि ती कुठं जाऊन टेकणार हे त्यांना एका क्षणात कळलं. वॉल बसतो त्या खाचेत समोरच एक भोक असतं. इंजिन थंड असताना पाणी त्या भोकातून रेडिएटरला न जाता इंजिनातच परत फिरतं. इंजिन तापलं की एक दार उघडायचं आणि दुसरं मिटायचं. एकाच हातानं.

त्यांनी वॉल काढला तेव्हा पुढचं दार उघडं पडलं, ते त्यांनी पाहिलं होतं. मागचंही सताड उघडं पडलं, ते पाहिलं नव्हतं. पाणी माणसासारखंच. जवळची वाट असली की लांबच्या वाटेनं जात नाही. उभ्या गाडीत चालून गेलं, हिवाळ्यात चालून गेलं. उन्हाळा आला, लेकरं भरली, चढ लागला, आणि तापलेलं पाणी रेडिएटरला शिवायलाही न जाता इंजिनातच घिरट्या घालत राहिलं.

"झालं का?" प्रेमदासनं विचारलं. "चहाचं आदन ठेवायचं हाय."

"थांब जरासं."

ते गॅरेजात गेले आणि तोरणच काढून घेऊन आले. पहिल्या टोकाचा, काळा पडलेला, उस्तादाच्या जीपचा वॉल त्यांनी उलटा करून पाहिला. खाली काही नव्हतं. एकच चकती. त्याच्या पुढचाही एकाच दाराचा, त्याच्या पुढचाही. उस्ताद खोटा नव्हता. उस्तादाच्या काळच्या गाड्याच एकदाराच्या होत्या. बोटं तारेवरून पुढं सरकत गेली आणि कुठं तरी मधेच, ट्रक-जीप संपून लहान गाड्या सुरू झाल्या तिथं, चकत्या दोन झाल्या. तिथून शेवटपर्यंत दोनच. गाड्या बदलल्या होत्या. पुंडलिक मिस्त्रीनं वॉल उलटा करून पाहिला नव्हता.

ते टपरीच्या बाकावर बसले. प्रेमदासनं न विचारता चहा दिला, तो निवून गेला.

दुपारी त्यांनी वॉल बसवला. सांध्यात घालायचं गॅस्केट बाजारात नव्हतं, कागदी पुठ्ठ्यातून कात्रीनं कापलं. कूलंटचं हिरवं पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, आतली हवा भुडभुड करत निघू दिली. पाणी काठोकाठ होतं. बऱ्याच वेळानं पातळी एकदम खाली बसली, आत कुणी घोट घेतल्यासारखी. दरवाजा उघडला होता. त्यांनी उरलेलं पाणी भरलं आणि झाकण लावलं.

आता दुकानात तपासायचं नव्हतं. ऊन उतरायच्या आतच नाचणगावच्या भाजीवाल्या बाया रिकाम्या-अर्ध्या टोपल्या घेऊन ऑटोची वाट पाहत रस्त्याला बसल्या होत्या. पुंडलिकरावांनी व्हॅन त्यांच्यापुढं उभी केली.

"बसा. सोडून देतो. पन पुलावरून दोन चकरा मारून मंग घरी."

अन्नपूर्णा नावाची जुनी भाजीवाली टोपली काखेत धरून गाडीकडे पाहत राहिली. "हे तेच गाडी ना, मोबाईलवरची?"

"तेच."

"मंग आमाले कायले बसवता? बंद पडली तं ढकलायले?"

"हाव."

"खरं बोलला म्हनून बसते," असं म्हणत ती चढली, आणि तिच्यामागं बाकीच्या. टोपल्या मांडीवर, मांडीवर बसवलेल्या टोपल्यांवर कोपर. लेकरांपेक्षा भार जास्तच होता. चढ लागला. पुंडलिकरावांनी गिअर खाली घेतला. काटा अर्ध्यावर. अर्ध्या चढावर, अर्ध्यावर. मागं कुणाच्या सुनेचं काही चाललं होतं, ते थांबलं नाही. माथ्यावरून उतरले, वळवलं, पुन्हा चढले. काटा जागचा हलला नाही.

त्यांनी माथ्यावर गाडी थांबवली.

"झालं का ढकलायचं?" मागून अन्नपूर्णा.

"बसून राहा, मावशी."

ते पुढं जाऊन वाकले आणि रेडिएटरला पंजा लावला. चटकन पोळला. हात झटकून त्यांनी तळव्यावर फुंकर घातली आणि पोळलेला तळवा बराच वेळ पाहत राहिले.

नाचणगावला वर्षाली अंगणात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. बाया उतरल्या, टोपल्या घेऊन आपापल्या घरी गेल्या. गाडी भरून आली आणि भरूनच पुलावरून आली, हे त्यांनी रस्त्यानंच अर्ध्या गावाला सांगितलं होतं. ती उठली नाही.

"झाली?"

"झाली."

"काय होतं?"

पुंडलिकरावांनी किल्ली मेथीच्या ढिगाशेजारी ठेवली. "वॉल."

"वॉल तर नव्हता."

"तेच होतं."

तिनं सुतळी दातात धरली होती ती तशीच राहिली. मग तिनं जुडी बांधून पूर्ण केली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "म्हंजे तो धनंजय बरोबर बोलत होता."

"हाव."

"अन् मी त्याले लय बोलली."

"माह्या नावानं बोलली ना. मंग माह्याकडूनच फिटायले पायजे ते." ते ओट्यावर टेकले. "त्याचा नंबर हाय का?"

"हाय. आज करता?"

"उद्या करीन." मेथीची एक काडी उचलत म्हणाले, "आज बोलनं नाई होनार माह्याच्यानं."

तिनं पाणी आणून दिलं. बापाच्या तळव्यावरचा लाल डाग तिला दिसला. तळव्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवून ती पुन्हा जुड्यांकडे वळली.

सोमवारी व्हॅन सकाळी गेली आणि भर बाराच्या उन्हात पुलावरून परत आली. दोन घरांनी तोवर दुसरी गाडी ठरवून टाकली होती. गाडी दुरुस्त झाली म्हणजे लोकांची मनं दुरुस्त होतात असं नाही, आणि व्हिडिओ काढणारा दुसरा व्हिडिओ काढायला आला नाही. खुशी मात्र पुढच्या सीटवर बसली. तिच्या आईनं दारातून वर्षालीकडे पुन्हा नुसतंच पाहिलं, पण या वेळी पाण्याची बाटली तिच्याही हातात दिली.

पुंडलिकरावांच्या दारावर आता तोरण अर्धंच आहे. एकदाराचे तेवढे तारेत राहिले. दोनदाराचे त्यांनी तेलाच्या रिकाम्या पिंपात टाकले आणि पिंप स्टुलाशेजारी ठेवलं. परवा देवळीकडचा एक ड्रायव्हर आला, नवी घेतलेली जुनी गाडी घेऊन. "मामा, वॉल काढून द्या याचा."

"नाई काढत मी."

"काऊन? तुमी तर सगळ्यायचे काढता."

"आता नाई काढत."

"मंग हे तोरण कायले लावलं?"

पुंडलिकरावांनी त्याला एक शिवी दिली आणि चहा पाजून परत पाठवला.

कुठला वॉल कुठल्या गाडीचा हे लिहिलेलं कुठंच नाही, पण हातांना आठवतं. दुपारी स्टेशन रोडवरून एखादी ओळखीची गाडी जाते. ते स्टुलावरून ओरडून तिला थांबवतात.

"ये, इकडं घे गाडी."

"काय झालं, मामा? चांगली चालून राह्यली."

"चांगली चालली असती तं उन्हाळ्यात बॉनेट उघडं टाकून फिरला नसता. आन इकडं. ठेव हाय तुही माह्याकडं."

ड्रायव्हर कुरकुरत गाडी वळवतो. पुंडलिकराव एक हात स्टुलावर, एक गुडघ्यावर ठेवतात, आणि उठायला लागतात.